तेवीस नंबरची बोट

त्या शनिवारी कमोडचं झाकण कॅझच्या गळ्यात पडलं आणि माझ्या तोंडाची चव गेली. ते झाकण माझ्या हक्काचं होतं. आम्ही दहा-बारा म्हातारी माणसं दर शनिवारी या तळ्यावर जमतो, रिमोटवर चालणाऱ्या छोट्या शिडाच्या बोटींच्या शर्यती लावतो, आणि जेवणाच्या सुट्टीत त्या दिवशीचा सगळ्यात मोठा गाढवपणा ज्याने केला असेल त्याच्या गळ्यात ते झाकण दोरीने अडकवतो. पाडून टाकलेल्या कुठल्याशा लॉजमधून कोणीतरी ते उचलून आणलं होतं. पिवळट पडलंय, बिजागरीशी काळं साचलंय, आणि वर मार्करने आजवरच्या गाढवांची नावं लिहिलीत. आठवडाभर ते घरी ठेवायचं असतं. लुसील, माझी बायको, त्याला गॅरेजच्या आत येऊ देत नाही. तर ते घाणेरडं झाकण कॅझला का मिळालं? तो बॅटरी चार्ज करायला विसरला म्हणून. टाळ्या वाजल्या, कॅझने वाकून नमस्कार केला, सगळे हसले. आणि त्याच सकाळी मी एक अख्खी शर्यत दुसऱ्याच्या बोटीकडे बघत काढली होती, हे त्यांच्यातल्या एकूण एक माणसाने पाहिलं होतं. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ग्लेनने माझ्या हातात हॉट डॉगची प्लेट दिली, त्यावर मोहरीचा सॉस आधीच घातलेला होता. मोहरी मी स्वतः घालतो. गेली कित्येक वर्षं स्वतः घालतोय.

सकाळची गोष्ट अशी झाली. भोंगा वाजला, सगळ्या बोटी एकदम रेषेवरून सुटल्या, शिडांची ती नेहमीची गर्दी झाली, आणि गर्दीतून एक बोट बाहेर पडली. शिडावर अठ्ठावीस. माझी. मी अंगठ्याने सुकाणू जरा दाबलं आणि ती वाऱ्याच्या अंगाला अशी काही चढली की माझ्या पोटऱ्यांना गुदगुल्या झाल्या. इतकी ती कधीच धावली नव्हती. मी मनात म्हणायचो आता वळ, की ती वळायची. कधी कधी तर माझा अंगठा हलायच्या आधी वळायची, आणि मला वाटलं, आहाहा, आज आपण आणि बोट एकच झालो. लांबच्या बोयाला, त्या तरंगत्या खुणेच्या फुग्याला, तिने चाटून जावं तसा वळसा घातला. परतीच्या वाऱ्यात मी शिडं सैल सोडली, तिने पंख पसरले. मला खरंच आनंद झाला होता, आता त्याची किळस येते पण झाला होता. रेषा ओलांडताना भोंगा वाजला आणि आमच्यातल्या थेल्माच्या घोगऱ्या आवाजात ऐकू आलं, "पहिला तेवीस, ग्लेन!" मी म्हटलं, "तेवीस कुठला, अठ्ठावीस!" मग ग्लेन माझ्याजवळ आला, माझ्या कोपराला हात लावला आणि हळूच म्हणाला, "नॉर्म, तुझी बोट तिकडे लव्हाळ्यात आहे. तू थांब, मी आणतो."

माझी बोट माझं सगळं ऐकत होती, हेच तर किळसवाणं आहे. तिने काय करावं? मी डावीकडे म्हटलं, ती डावीकडे गेली. मी शिडं सैल सोड म्हटलं, तिने सोडली. दुसऱ्याच्या बोटीसाठी दिलेले हुकूम ती आपल्या जागेवरून इमानाने पाळत राहिली आणि पाळता पाळता तळ्याच्या त्या कोपऱ्यात जाऊन रुतली जिथे काळ्या मानेची ती लठ्ठ बदकं रोज हगतात. एरवी ज्याची बोट अडकते त्याने स्वतः वल्हवत जायचं आणि काठावरच्यांनी त्याचा पिट्ट्या पाडायचा, अशी आमची रीत आहे. कॅझ तर अशा वेळी अंत्ययात्रेचं गाणं म्हणतो. त्या दिवशी ग्लेन होडी घेऊन गेला आणि कॅझ बुटाची नाडी बांधत बसला. ग्लेनने बोट माझ्या हातात दिली तेव्हा पोटाखालच्या शिशाच्या वजनाला हिरवं शेवाळ लोंबत होतं, केसांच्या गुंत्यासारखं, आणि शिडावर बदकाची ताजी विष्ठा होती. ती मी बोटाने पुसली. थंड होती. "चालतं रे, होतं असं," ग्लेन म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता. माझ्या अंगावर काटा आला तो त्या मऊपणामुळे.

तो आवाज मला कुठून ओळखीचा, हे हॉट डॉग चावताना आठवलं. आयुष्यभर मी कवळ्या बनवल्या. या शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तोंडं माझ्या टेबलावरून गेली, प्लास्टरचे साचे, त्यात अडकलेले अन्नाचे कण, परक्या लाळेचा तो आंबूस वास, तो घरी आल्यावरही नाकातून जायचा नाही. पण कामाची किळस मला कधी आली नाही. आईची कवळीही मीच केली. तिचा समोरचा एक दात जरा आडवा होता, तो मी मुद्दाम आडवाच बसवला, नाहीतर ती हसल्यावर ती वाटली नसती. तिला वृद्धाश्रमात ठेवल्यावर एका रविवारी मी गेलो तर जेवणघराच्या दारातूनच मला कळलं की हे माझे दात नव्हेत. मोठे, घोड्यासारखे, एका रेषेत बसवलेले दात तिच्या तोंडात कोंबले होते आणि ओठ मिटत नव्हते. सकाळी नर्सने सगळ्यांच्या कवळ्या एकाच भांड्यात धुतल्या होत्या आणि हाताला येतील तशा वाटल्या होत्या. आणि तीच नर्स आईच्या गालावर हात ठेवून म्हणत होती, "आज किती छान दिसतोय ना आपण! छान जेवलो ना आपण!" आई मान हलवत होती. मी तिच्या तोंडात बोटं घालून ती कवळी काढली. तिच्यावर ओटमीलचा लगदा होता. मग मी शोधत गेलो, आणि खिडकीजवळच्या टेबलावर एक परका म्हातारा माझ्या आईच्या दातांनी पुडिंग खात होता. आडवा दात पुढे. खूश होता तो. मला बघून हसला.

मी त्याच्या जागी बसलोय, हे मला तो घास चावताना कळलं. दुसऱ्याच्या यशाचं पुडिंग खाऊन मी हसत होतो, आणि सगळे म्हणत होते, छान, छान. डोळ्यांचं मला माहीत नव्हतं असं नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीपासून डोलकाठ्या मधेच वाकतात. इंग्रजी आठाच्या आकड्याचं डावं अंग पुसलं गेलं की तीन होतो, आणि उलटही होतं, नजर मधली जागा आपल्या मनाने भरून काढते. लुसीलशी बोलताना तिच्या तोंडाच्या जागी धुरकट ठिपका असतो, कडेने कान दिसतात, केस दिसतात, कानातले मोती दिसतात, पण हसते की रडते ते दिसत नाही. मी म्हणायचो चष्म्याचा नंबर बदलला असेल. डॉक्टरकडे जायचं टाळलं, कारण डॉक्टर त्याला रोगाचं नाव देईल आणि एकदा नाव दिलं की बोट गेली. शनिवार गेला तर माझ्याकडे दुसरं काय उरतं? सहा दिवस मी त्या सातव्यासाठी जेवतो, झोपतो, लुसीलशी भांडतो. बोटीचं सुकाणू मी कवळीच्या गुलाबी प्लास्टिकचं केलंय, सगळं तळं त्यावरून मला चिडवायचं. हिरड्यांवर चालते नॉर्मची बोट, असं म्हणायचे. शेवटचं हे कोण कधी म्हणालं, ते आठवायचा प्रयत्न केला. या वर्षी नाही. या वर्षी कोणीच नाही म्हणालं.

कधीपासून चाललंय हे? मागचे सगळे शनिवार मी उलटे तपासायला लागलो, आणि प्रत्येकातून तो मऊ आवाज यायला लागला. जून महिन्यात मी एक शर्यत जिंकलो होतो. ग्लेन शेवटच्या टप्प्यात पुढे होता आणि त्याची शिडं अचानक फडफडली, तो म्हणाला वारा पडला. वारा पडला होता का? माझ्या गालावर तर होता. एकदा माझी बोट बोयाला घासली असं मला वाटलं, पण कोणी ओरडलं नाही, म्हणजे नसेल घासली. आमच्यात पंच नसतो. बोयाला लागलं, दुसऱ्याला धडक बसली, की ज्याची चूक त्याने स्वतः बोट गोल फिरवून दंडाची चक्कर घ्यायची आणि तोवर बाकीच्यांनी पुढे जायचं. त्याने नाही घेतली तर ज्याला लागलं त्याने नंबर घेऊन "प्रोटेस्ट!" ओरडायचं. या एवढ्यावर सगळं चालतं. चोरटेपणा करणारे आले नि गेले, भांडणं झाली, थेल्माने तर एकदा मला तीन आठवडे तोंड दाखवलं नव्हतं. पण कोणी ओरडलंच नाही, तर मी खेळतोय हे कशावरून समजायचं? अंगणात पोराला बॅट देऊन मोठी माणसं हरतात तसं हे चाललं असेल तर? उरलेला हॉट डॉग मी बदकांना टाकला आणि त्यांनीही चोचीने उलटून बघून सोडून दिला.

दुपारच्या पहिल्या शर्यतीत मी ठरवून खोटेपणा केला. जवळचा बोया काठापासून अगदी पायाशी होता, तिथे मला दिसतं. सुरू व्हायच्या आधी मी शिडं आत-बाहेर हलवून माझी बोट नीट ओळखून ठेवली आणि नजर काढली नाही. बोयापाशी आलो आणि सरळ त्याच्यावर घातली. तो नारिंगी फुगा असा डुगडुगला की आंधळ्यालाही दिसावा. मी चक्कर घेतली नाही. थांबलो. कोणाचाच आवाज नाही. कॅझच्या गळ्यातलं झाकण त्याच्या बटणांवर आपटत होतं, तेवढंच. दुसऱ्या फेरीत ग्लेनची बोट माझ्या पुढून चालली होती, तिला उजव्या अंगाने वारा होता, म्हणजे वाट तिची. मी तिच्या कुशीत नाक घुसवलं. टक्क असा आवाज आला, मला तो दातावर आपटल्यासारखा लागला. ग्लेनची बोट कलंडली, पुन्हा उभी राहिली. मी ग्लेनकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्याच्या जागी धूर होता.

"लागलं तुला," मी म्हटलं.

"छे रे. वाराच आज चमत्कारिक आहे."

"मी धडकलो ग्लेन. माझी चूक होती."

"असू दे ना. मजा येतेय ना आपल्याला?"

आपल्याला! मला त्याच्या अंगावर ओकावंसं वाटलं. ग्लेन वाईट माणूस नाही, स्वीडिश घरातला, चर्चमध्ये गाणारा, माझ्या गॅरेजचं छप्पर त्याने फुकट बसवून दिलं. पण त्या क्षणी मला त्याचा गुळगुळीत दाढी केलेला गळा, त्याच्या साबणाचा वास, त्याचं ते कोपराला हात लावणं, सगळ्याचा तिटकारा आला. दयेलाही एक वास असतो. कोमट, गोडसर, त्या वृद्धाश्रमातल्या पॅसेजसारखा. आणि तो आता माझ्याच अंगाला यायला लागला होता. मी शर्टाचा खांदा हुंगून पाहिला. मोहरीचा वास आला.

शेवटच्या शर्यतीत उतरायचं नाही असं ठरवून मी रिमोट पेटीत ठेवला, आणि मग पुन्हा काढला. घरी जाऊन काय करणार होतो? भोंगा वाजला. बोटी लांब गेल्या. पाण्यावर ऊन आडवं पडलं होतं आणि सगळी शिडं पांढऱ्या फडक्यांसारखी एकसारखी. मी एक फडकं धरून ठेवलं, ते निसटलं, दुसरं धरलं. अंगठे चालू होते. यातलं कुठलं माझं, हे मला माहीत नव्हतं आणि मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. पुडिंग खा, हस, असं मी स्वतःला म्हणत होतो. तेवढ्यात पाण्यावरून कडाक्कन आवाज आला आणि माझ्या उजव्या कानाशी थेल्मा किंचाळली.

"अठ्ठावीस! प्रोटेस्ट! अरे ए कवळीवाल्या, डोळे फुटले का तुझे?"

थेल्मा ड्रिस्कल. शहराच्या बस चालवून निवृत्त झालेली बाई. सूर्यफुलाच्या बिया चघळते आणि सालं कागदी पेल्यात थुंकते, तो ओला पेला शेजारच्याच्या खुर्चीवर ठेवते. मला ती कधीच आवडली नाही. कॅझ म्हणाला, "अगं थेल्मा, जाऊ दे ना..."

"का जाऊ दे? माझी वाट होती, याने माझी डोलकाठी वाकवली! तुम्ही सगळे याला झुलवा पाळण्यात. मी नाही झुलवणार." मग तोंड माझ्याकडे फिरवून, बियांच्या वासासकट, "दिसत नाही तुला. सगळ्या तळ्याला माहितीये. सोमवारी डॉक्टरकडे जा. नाहीतर बोट घरी ठेव. पण पाण्यात आहेस तोवर चक्कर घ्यायची. घे!"

"थेल्मा," ग्लेन म्हणाला.

"तू गप रे, पाद्री. घेतोस का नाही, अठ्ठावीस?"

मी सुकाणू एका अंगाला पूर्ण दाबून धरलं. लांब पाण्यावर सगळी फडकी एका दिशेने चालली होती, घाईघाईने, आपापल्या कामाला, आणि त्यांच्यातलं एकच थांबलं. थांबलं आणि फिरायला लागलं. मी मान जरा वळवली, धुराच्या कडेने पाहिलं. ती फिरत होती, एकटी, गोल, वेड्यासारखी, शेवाळाचा झुपका पोटाखाली ओढत. एवढ्या सगळ्या बोटींत ती माझी होती, आणि हे मला कोणाला विचारावं लागलं नाही. मी एक चक्कर पूर्ण केली आणि अंगठा सोडला नाही. दुसरी केली. बोयाची. तिसरी केली, ग्लेनची. माझ्या नाकातून पाणी आलं ते मी बाहीने पुसलं.

"एकच होती रे दंडाची!" थेल्मा ओरडली. "आता काय चक्कर येऊन पडणारेस का?"

"बाकीच्या दुपारच्या होत्या," मी म्हटलं.

कोणीतरी फसकन हसलं. कॅझ असावा. शर्यत कोण जिंकलं ते मला आठवत नाही, मी शेवटून पहिला आलो एवढं नक्की, आणि बोट मीच वल्हवत जाऊन आणली कारण ती जवळ येता येता पुन्हा लव्हाळ्यात शिरली. या वेळी कॅझने अंत्ययात्रेचं गाणं म्हटलं, आधी दबकत, मग गळा काढून. परत आलो तर थेल्माने त्याच्या गळ्यातलं झाकण ओढून काढलं होतं. तो म्हणत होता, "माझं आहे ते, मी मेहनतीने मिळवलंय!" तिने मार्करचं टोपण दातांनी काढलं, झाकणावर काहीतरी खरडलं आणि ते माझ्या डोक्यातून घातलं. दोरी कॅझच्या घामाने भिजली होती. छातीला ते गार लागलं. मला शिसारी आली आणि मी ते काढलं नाही. ग्लेन लांब उभा राहून आपल्या बोटीची कूस चाचपत होता. मी त्याच्याजवळ गेलो, म्हटलं, "चीर पडलीय. उद्या घेऊन ये, माझ्याकडे गुलाबी प्लास्टिक आहे." त्याने चिरेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "गुलाबी नको रे देवा," आणि हा आवाज त्याचा स्वतःचा होता.

लुसील गाडीत शब्दकोडं सोडवत बसली होती. ती तळ्याकडे कधी येत नाही, बदकांच्या घाणीतून चालायला नको म्हणते. मी बसलो, झाकण मांडीवर घेतलं.

"शी! कोणाचं लचांड हे?"

"माझं."

तिने ते आपल्याकडे वळवून वरचं वाचलं असावं, कारण पेन्सिलचा आवाज थांबला. "काय लिहिलंय?" मी विचारलं. ती म्हणाली, "आंधळा नॉर्म, दुसऱ्याची बोट चालवतो." मग मी तिला सकाळपासूनचं सगळं सांगितलं, लव्हाळ्यापासून. डॉक्टरचंही सांगितलं. तिच्या तोंडाच्या जागी ठिपका होता. मी कानातल्या मोत्यांकडे बघत बोललो, ते हलत नव्हते.

"मला वाटलं तू कधी सांगणारच नाहीस," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"उन्हाळाभर कॉफी कपाच्या बाहेर ओततोस नॉर्मंड. तू उठलास की मी टेबल पुसते."

म्हणजे घरीही! घरीही तोच वास, रोज सकाळी, माझ्या स्वतःच्या टेबलावर, आणि मला वाटत होतं टेबल आपोआप स्वच्छ राहतं. मला तिचा राग आला, तिच्या फडक्याचा आला, सगळ्यात जास्त माझ्या त्या रोज तृप्तीने कॉफी पिणाऱ्या तोंडाचा आला. मी म्हटलं, "आता पुसू नकोस. मला पुसायला लाव. ओरड हवं तर."

तिने दाराच्या खणातून फडकं काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं. "मग हे घे. सकाळी येताना माझ्या सीटवर कॉफी सांडलीयस, मघापासून मी त्याच्यात बसलेय. सगळा स्कर्ट चिकट झालाय, शी!"

ती पुढे सरकली. मी मान तिरकी करून डाग शोधायला लागलो.